अंदमानला जायचंय, पण विमान उतरायला लागलं की जीव मुठीत

वाचकाचं पत्र :

ताई, नमस्कार. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं लक्षद्वीपला गेलो होतो. कोचीहून अगत्तीला जाणारं पंख्यांचं छोटं विमान होतं. उतरताना ते सरळ येतच नव्हतं, तिरकं तिरकं सरकत होतं. मी उजव्या खिडकीशी होते आणि मला माझ्या खिडकीतून चक्क पुढची धावपट्टी दिसत होती! चाकं टेकणार तोच इंजिनांचा मोठा आवाज झाला आणि विमान पुन्हा वर गेलं. नंतर कितीतरी वेळ कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या खेपेला उतरलं ते आपटलंच. तेव्हापासून मी विमानात बसलेले नाही.

आता माझे सासरे 81 वर्षांचे आहेत. मूळचे भगूरचे, नोटप्रेसमधून निवृत्त झालेले. सेल्युलर जेल एकदा डोळ्यांनी बघायची त्यांची फार जुनी इच्छा आहे. मुलानं जूनच्या तिसऱ्या आठवड्याची पोर्ट ब्लेअरची तिकिटं काढलीत. सगळे खूश आहेत आणि मला रात्रीची झोप नाही. सिंगापूरच्या विमानात माणसं छताला आपटल्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर आला, तो मी सारखा बघते. तुम्ही इतकी वर्षं विमान चालवलंत, म्हणून विचारते. बेटावर उतरणं खरंच इतकं धोक्याचं असतं का? मी काहीतरी कारण काढून घरीच राहू का? खरं सांगितलं तर सगळे हसतील.
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर :

ताई, नमस्कार.

अंदमानला जा. दादांना, म्हणजे तुमच्या सासऱ्यांना, घेऊन जा आणि तुम्हीही जा. फक्त जूनमध्ये नको. तिकिटं बदलून जानेवारी अखेर किंवा फेब्रुवारीची घ्या, त्यात चार पैसे गेले तरी जाऊ देत. जून का नको ते पुढे सांगते. त्याआधी अगत्तीला नेमकं काय घडलं, हे तुम्हाला कळायला हवं. तुम्ही लिहिलेली प्रत्येक गोष्ट मला ओळखीची आहे, आणि विमान हाताबाहेर गेलं होतं असं त्यातल्या एकाही गोष्टीवरून दिसत नाही.

आधी ते तिरकं येणं. गोदावरीला पाणी चढलेलं असताना पोहून पलीकडे जाणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. ती समोरच्या घाटाकडे तोंड करून पोहत नाहीत. तशी पोहली तर प्रवाह त्यांना खाली कुठेतरी नेऊन टाकेल. ती तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवतात, तिरपे हात मारतात आणि समोरच्या पायऱ्यांनाच जाऊन लागतात. आडव्या वाऱ्यात विमान असंच आणतात. वारा डावीकडून असेल तर नाक थोडं डावीकडे वळवून ठेवायचं. विमान डावीकडे जाऊ बघतं, वारा उजवीकडे ढकलतो, आणि दोन्हींचा मेळ बसून ते धावपट्टीच्या मधल्या रेषेवरून नीट पुढे येतं. नाक डावीकडे वळलेलं असल्यामुळे धावपट्टी उजव्या खिडक्यांतून दिसू लागते. तुम्ही उजवीकडे बसला होता, म्हणजे त्या दिवशी वारा डावीकडून होता आणि पायलटनं तो बरोबर तोललेला होता. त्या क्षणी विमान अगदी सरळ नाकानं आलं असतं, तर ते एव्हाना रेषेच्या बाजूला वाहून गेलं असतं.

पण चाकं मात्र तिरकी टेकवून चालत नाही, टायरवर आणि चाकांच्या दांड्यांवर आडवा ताण येतो. म्हणून जमीन अगदी जवळ आली की पायानं रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, दाबून नाक धावपट्टीच्या रेषेत आणतात. त्याच वेळी वाऱ्याकडचा पंख किंचित खाली धरतात, म्हणजे वारा त्या पंखाखाली शिरून विमान उचलत नाही. त्यामुळे वाऱ्याकडचं चाक आधी टेकतं, मग दुसरं, मग पुढचं. आत बसलेल्या माणसाला वाटतं, कलंडलं! ते पायलटनं हातानं आणि पायानं मोजून केलेलं असतं. हे शिकायला वर्षं जातात, आणि चांगलं जमलं की त्या दिवशी पायलटला जेवण गोड लागतं.

नाक सरळ करणं आणि चाकं टेकणं यांच्यात जेमतेम काही सेकंद असतात. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, विमान रेषेवरून सरकलं, किंवा टेकायची जागा मागे पडली, तर योग्य असा एकच निर्णय उरतो, तो म्हणजे उतरायचं नाही. इंजिनांना पूर्ण जोर द्यायचा, नाक वर घ्यायचं, चाकं आत, आणि पुन्हा फेरी मारून यायचं. याला आम्ही गो-अराउंड म्हणतो. तुमच्या डोक्यात तो क्षण ‘आपण मरता मरता वाचलो’ असा बसलाय. कॉकपिटमध्ये त्याची नोंद ‘जमत नव्हतं, म्हणून परत फिरलो’ एवढीच होते. एअरलाइनचे पायलट दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा देतात, तेव्हा गो-अराउंड करून दाखवावाच लागतो, तोही एक इंजिन बंद आहे असं धरून. परत वर गेल्याबद्दल पायलटला कोणी रागवत नाही. उलट वेग, उंची, उतरण्याचा दर मापात नसताना रेटून उतरवलं, तर उड्डाणाच्या नोंदींत ते दिसतं आणि बोलावणं येतं. ढगाळ हवेत 1,000 फुटांवर आणि स्वच्छ हवेत 500 फुटांवर येईपर्यंत सगळं स्थिर झालेलं नसेल, तर तिथूनच वर जायचं, असा जगभरचा रिवाज आहे.

अगत्तीची धावपट्टी साधारण 1,200 मीटरची आणि दोन्ही टोकांना समुद्र आहे. आपली नाशिकजवळच्या ओझरची तीन किलोमीटरच्या घरातली. ओझरला टेकायला शे-दोनशे मीटर उशीर झाला तरी पुढे मोकळं रान असतं. अगत्तीला ते नाही. म्हणून तिथे पायलट अधिक कडक राहतो आणि थोडं जरी मनासारखं नसलं तर वर जातो. ज्या माणसानं तुम्हाला त्या दिवशी परत वर नेलं, त्याच्या किंवा तिच्या विमानात मी माझ्या आईला डोळे झाकून बसवलं असतं.

आता ती शांतता. तुमच्या पत्रातली हीच ओळ मला सगळ्यात जास्त लागली, कारण प्रवासी तिथेच सर्वात घाबरतात. ‘कोणी काही बोलत नाही, म्हणजे काहीतरी भयंकर झालंय.’ पायलटला पहिल्या दिवसापासून शिकवलेला क्रम असा असतो : आधी विमान सांभाळा, मग दिशा, मग बोला. वर जाताना चाकं आत घ्यायची, फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांच्या मागे उघडलेल्या पट्ट्या, टप्प्याटप्प्यानं आत घ्यायचे, ठरलेल्या उंचीवर थांबवायचं, कंट्रोल टॉवरशी बोलायचं, इंधन किती उरलंय आणि किती फेऱ्या परवडतील ते बघायचं, वाऱ्याचा नवा आकडा मागायचा, पुन्हा उतरण्याची तयारी करायची. यात सहज पाच-सात मिनिटं जातात. केबिनमधल्या मुलीही पट्टे बांधून बसलेल्या असतात, त्यांनाही कारण माहीत नसतं. प्रवाशांशी बोलणं या यादीत शेवटी येतं. पुढच्या वेळी अशी शांतता झाली तर समजा, पुढे दोन माणसं कामात आहेत.

आणि ‘आपटलं’ म्हणालात, तेही बहुधा मुद्दामच होतं. लहान धावपट्टीवर किंवा ओल्या धावपट्टीवर विमान अलगद टेकवायचं नसतं. अलगद टेकवायला गेलं की ते तरंगत पुढे जातं आणि धावपट्टी वाया जाते. पाण्याचा थर असेल तर चाकं त्यावरून घसरतात. ठामपणे टेकवलं की पाणी फुटतं, चाकं जमीन धरतात, ब्रेक लगेच लागतात. लोक मऊ लँडिंगला टाळ्या वाजवतात, पण अगत्तीला टाळ्या त्या धप्पकन टेकण्यालाच वाजवायला हव्या होत्या.

बेटावर उतरणं इतकं धोक्याचं असतं का, असं तुम्ही विचारलंय. बेटांवर हे सगळं जास्त का होतं, ते सांगते. समुद्रावर वाऱ्याला अडवायला काही नसतं, तो जोर राखून येतो. मग अचानक बेट लागतं. बेट सपाट असेल तर वारा तसाच सरळ धावपट्टीवरून जातो. डोंगराळ असेल तर डोंगरावर आपटून वर चढतो आणि पलीकडच्या अंगाला खाली कोसळतो, भोवरे करतो. पावसाळ्यात सह्याद्री ओलांडताना विमान हलतं ते यामुळेही, आणि आषाढात अंजनेरीच्या पठारावर गेलेल्या कोणालाही हा वारा माहीत असतो. त्यात बेटावर जागा कमी. मोठ्या शहरात वाऱ्याचा कल बघून दोन दिशांना दोन धावपट्ट्या आखता येतात. बेटावर सपाट जमीन जशी मिळाली तशी एकच आखलेली असते, मग वारा कुठूनही येवो. भर दुपारी जमीन तापते, समुद्र थंड असतो, आणि किनारा ओलांडताना शेवटच्या काही शे फुटांत विमान हमखास हलतं.

पण याचा दुसरा अर्थ असा की जिथे वारा अवघड, तिथे नियमही कडक असतात. पोर्तुगालच्या मदेरा बेटावर डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये चिंचोळ्या पट्टीत विमानतळ आहे. 2000 मध्ये तिथली धावपट्टी समुद्रकाठी खांब उभारून त्यांच्यावर लांबवली. तिथे उतरायला पायलटला वेगळं प्रशिक्षण लागतं. वारा फार झाला तर विमानं शेजारच्या पोर्तो सांतो बेटावर जातात, नाहीतर सरळ मुख्य भूमीवर परततात. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेनाची, म्हणजे नेपोलियनला ठेवलं होतं त्या बेटाची, गोष्ट तर मला फार आवडते. 2016 मध्ये विमानतळ बांधून तयार झाला. चाचणीच्या उड्डाणांत लक्षात आलं की उतरण्याच्या वाटेवर वाऱ्याचा वेग आणि दिशा झटक्यात बदलते. प्रचंड पैसा ओतून बांधलेला विमानतळ, पण नियमित प्रवासी सेवा थांबवून ठेवली. ती ऑक्टोबर 2017 मध्ये सुरू झाली, तीही लहान जेट विमान घेऊन. विमान वाहतुकीवर माझा जो विश्वास आहे, तो अशा थांबण्यांमुळे आहे.

वाऱ्यालाही आकडा असतो. तुम्ही पोर्ट ब्लेअरला ज्यातून जाल ते बहुधा एअरबस 320 जातीचं विमान असेल. त्याच्या चाचण्यांत झोतांसकट 38 नॉटपर्यंतच्या आडव्या वाऱ्यात उतरून दाखवलेलं आहे, म्हणजे ताशी 70 किलोमीटरच्या आसपास. कंपन्या आपली मर्यादा त्याच्या आत ठेवतात, आणि धावपट्टी ओली असेल तर आणखी खाली आणतात. मोजायचा असतो तो फक्त आडवा भाग. 20 नॉटचा वारा धावपट्टीशी 30 अंशांच्या कोनात असेल तर आडवा भाग निम्मा, म्हणजे 10 नॉट. टॉवर उतरायच्या आधी वाऱ्याची दिशा आणि वेग सांगतो, आणि आकडा मर्यादेबाहेर असेल तर पायलटची हिंमत किती हा प्रश्नच येत नाही.

आता तो व्हिडिओ. 21 मे 2024 ची ती घटना खरी आहे आणि मी ती झटकून टाकणार नाही. लंडनहून सिंगापूरला जाणारं बोइंग 777 म्यानमारवर सुमारे 37,000 फुटांवर होतं. सिंगापूरच्या तपास यंत्रणेनं प्राथमिक अहवालात आकडे दिलेत : विमान 4.6 सेकंदांत 178 फूट खाली आलं. एका 73 वर्षांच्या प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. पण हे आकडे पुन्हा वाचा. 37,000 पैकी 178 फूट. विमान मोडलं नाही, पायलटनी ते बँकॉकला सुखरूप उतरवलं. इजा कशी झाली? विमान माणसांपेक्षा वेगानं खाली गेलं, ज्यांचा पट्टा सुटा होता ते जागेवरून उडाले आणि छताला लागले. मला या घटनेतून एकच गोष्ट मनात कोरून ठेवावीशी वाटते : बसल्या क्षणापासून उतरेपर्यंत पट्टा बांधलेला. दिवा विझला तरी बांधलेला. दादांचा तर तुम्ही स्वतः तपासा. पोटावर सैल नको, मांडीच्या वरच्या हाडांवर घट्ट हवा. झोपले तर पांघरुणाच्या वरून बांधा, म्हणजे पट्टा बघायला कोणी उठवणार नाही.

पंख तुटेल का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असतंच. प्रवासी विमानाचा सांगाडा त्याच्या आयुष्यात येऊ शकेल अशा जास्तीत जास्त भाराच्या दीडपट भार सोसेल असा बनवावा लागतो, आणि ते सिद्ध करावं लागतं. बोइंग 777 च्या वेळी 1995 मध्ये कारखान्यात पंख वर वर खेचत नेले, ते 154 टक्क्यांना तुटले. खिडकीतून पंखाचं टोक वरखाली होताना दिसतं, ते तसं व्हावं म्हणूनच तो लवचीक केलेला असतो. ताठ पंखाचं विमान जास्त हलेल.

आणि आपल्याला जेवढं पडल्यासारखं वाटतं, तेवढं विमान पडतच नाही. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव वेगातला बदल लगेच टिपतो, पण किती अंतर गेलो ते त्याला कळत नाही. डोळ्यांना मात्र समोरची सीट स्थिर दिसते. दोघांचं पटत नाही, आणि मेंदू सगळ्यात वाईट अर्थ काढतो. शेकडो फूट कोसळलो असं वाटतं तेव्हा उंचीचं यंत्र बहुतेक वेळा दहा-वीस फुटांचा फरक दाखवत असतं. एक साधी गोष्ट करून बघा. अर्धी भरलेली पाण्याची बाटली समोरच्या ट्रेवर हातात धरून ठेवा. विमान हललं की पाण्याकडे बघा. तुमच्या छातीत जेवढी उलथापालथ चाललेली असते, तेवढी त्या पाण्यात नसते. लक्षद्वीपचं पंख्यांचं विमान हलकं आणि कमी उंचीवरून, ढगांतून जाणारं होतं, त्यात हेलकावे जास्तच जाणवतात. पोर्ट ब्लेअरचं जेट बहुतेक ढगांच्या वर असतं.

आता जून. नाशकात पाऊस जूनच्या मध्याला येतो, म्हणून तुमच्या मुलाला वाटलं असेल की तिसरा आठवडा म्हणजे पावसाची सुरुवात. पण मान्सून भारतात आधी अंदमानात शिरतो. केरळात 1 जून ही त्याची सरासरी तारीख, अंदमानला तो मे महिन्यातच पोचतो. म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा तिथे महिनाभर पाऊस चालू असेल, समुद्र खवळलेला असेल, आणि बंगालच्या उपसागरावर उंच ढगांच्या रांगा असतील. पायलट रडारवर ते ढग बघून वळसा घालतात, मोठ्या वादळी ढगापासून 20 नॉटिकल मैल, म्हणजे 37 किलोमीटर दूर राहायचा प्रयत्न करतात. धोका सांभाळला जातो, पण प्रवास हलता होणार हे नक्की. शिवाय पोर्ट ब्लेअरची धावपट्टी ईशान्य-नैर्ऋत्य अशी आहे आणि जूनचा वारा नैर्ऋत्येचा. आडवा वारा त्यामुळे कमी लागतो हे चांगलं. पण भोवती टेकड्या आहेत, आणि टेकड्यांमुळे विमानाला हवी ती दिशा घेता आली नाही की हाच वारा पाठीमागून येतो. जेट विमानाला पाठीमागचा वारा साधारण 10 ते 15 नॉटपर्यंतच चालतो, कारण तो विमानाला पुढे ढकलतो आणि थांबायला धावपट्टी जास्त लागते. त्यापुढे वाट बघा किंवा परत फिरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरही मी सुचवणार नाही, तो उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ आहे. जानेवारी ते मार्च हवा कोरडी असते, समुद्र शांत असतो, आणि 81 वर्षांच्या माणसाला ओल्या फरशीवर घसरायची भीती राहत नाही.

परत फिरणं म्हणजे काय, तेही आत्ताच ऐकून ठेवा, म्हणजे झालंच तर धसका बसणार नाही. पोर्ट ब्लेअर चेन्नईपासून आणि कोलकात्यापासून प्रत्येकी सुमारे 1,300 ते 1,400 किलोमीटर आहे, मध्ये नुसता समुद्र. म्हणून बेटाकडे जाणारं विमान जास्तीचं इंधन घेऊन निघतं. उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याइतकं, आणि वर आणखी अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं. जिथे जवळपास दुसरा विमानतळच नाही अशा एकट्या बेटासाठी जेट विमानानं बेटावर पोचल्यावरही दोन तास पुरेल एवढं इंधन ठेवावं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. विमान चेन्नईला परतलं तर तुमचा एक दिवस जाईल, चिडचिड होईल, हॉटेलचे पैसे जातील. जिवाला काही होणार नाही.

त्यासाठी कार्यक्रम सैल आखा. पोचल्याच्या दिवशी काहीही ठरवू नका. सेल्युलर जेल दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. स्वराज द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, जाणार असाल तर ते सहलीच्या मध्यात करा. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा, कारण समुद्र खवळला की बोटीही रद्द होतात आणि मग परतीचं विमान चुकतं. गावाचं नाव आता श्री विजयपुरम झालंय, तेव्हा कागदपत्रांत दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका.

नाशिकहून थेट विमान नाही. ओझरहून बेंगळुरू किंवा हैदराबादला जाऊन पुढे जाता येतं का ते त्या वेळच्या वेळापत्रकात पाहा. मला ते मुंबईपेक्षा बरं वाटतं, कारण कसारा घाट उतरून मुंबईचा विमानतळ गाठण्यातच दादा थकतील. ओझरचं पहिलं उड्डाण तुमच्यासाठी सरावाचंही ठरेल. शक्य तिथे सकाळचं विमान घ्या, जमीन तापलेली नसते, हवा शांत असते. सीट पंखाजवळची घ्या, शेपटीकडची नको, हेलकावे मागे जास्त जाणवतात. दादांना मधल्या वाटेच्या कडेची सीट द्या, स्वच्छतागृहाला जवळ पडेल अशी, आणि विमान खाली यायला लागण्याआधी एकदा जाऊन येऊ द्या. व्हीलचेअर आधी सांगून ठेवा. त्यांच्या डॉक्टरांना प्रवासाची कल्पना द्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

तुमच्यासाठी गोळी घ्यायची असेल तर तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. शेजारणीची झोपेची गोळी मुळीच नको. विमानात शिरताना दारातल्या मुलीला सांगा, ‘मला उतरताना भीती वाटते.’ त्या रोज अशी माणसं बघतात, मध्ये येऊन विचारून जातात. हलायला लागलं की पाय जमिनीला टेकवा, हात मोकळे सोडा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, आणि बाहेर क्षितिज दिसत असेल तर तिकडे बघा. तो व्हिडिओ मात्र आजच फोनमधून काढून टाका.

राहिलं घरी सांगण्याचं. कारण काढून मागे राहू नका. दादांना अंदमानला नेऊन आणायचं तर त्यांच्या सवयी, गोळ्या, पथ्य हे सगळं माहीत असलेलं माणूस सोबत हवं, आणि ते तुम्हीच आहात असं तुमच्या पत्रावरून दिसतं. सगळ्यांना एकदम सांगायचं जड जात असेल तर आधी दादांनाच सांगा. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे, तिथवर जिने चढायचे आहेत. त्या जिन्यांची धास्ती त्यांनाही असेल आणि तेही कोणाला बोलले नसतील. आज संध्याकाळी चहाच्या वेळी विचारून बघा. मुलाला तारीख बदलायला सांगताना हवामानाचं कारण पुरेसं आहे, ते खरंही आहे. पण लवकर सांगा, प्रवासाची तारीख जवळ येईल तसा तिकीट बदलण्याचा खर्च वाढत जातो.